'निरोगी' खोक्यातली नळी

मी एक रक्ताची नळी बोलतेय. प्लॅस्टिकची, बोटभर लांब, जांभळ्या टोपणाची. दीड वर्ष उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमध्ये काढलंय, तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

या प्रयोगशाळेत स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा अभ्यास चालतो. आजारी आणि निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं आणि जनुकांमधले बारीकसारीक फरक ताडून बघायचे. असे फरक शेकड्यांनी असतात आणि एकेकाने धोका वाढतो तो केसभर. इथल्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, हे चांगलं ठाऊक आहे. तरी पाहुण्यांसमोर असे बोलतात, जणू गुन्हेगार जनुकाला उद्या दुपारपर्यंत पकडूनच आणणार आहेत.

आजारी माणसं मिळाली. अडलं ते निरोगी माणसांवाचून. मग सरांनी फर्मान काढलं, की स्टाफनेच बाह्या वर कराव्यात. अर्जात प्रश्न होता, आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला हा आजार आहे का? असेल तर ते रक्त 'निरोगी' खोक्यात चालत नाही, कारण घरच्यांची जनुकं बरीचशी सारखीच असतात. एका टेबलाभोवती बसून, एकमेकांच्या अर्जात डोकावत सगळ्यांनी 'नाही'वर खूण केली. असली गोष्ट चारचौघांत लिहून घेणारे हे म्हणे शास्त्रज्ञ!

माझ्यात रक्त आलं ते इथल्या तंत्रज्ञ ताईंचं. त्यांनीही 'नाही'च लिहिलं. रक्ताला घरचं सगळं ठाऊक असतं, म्हणून सांगते. त्यांना धाकटा भाऊ आहे. तो भिंतीशी बोलतो, गोळी फक्त ताईंच्या हातून घेतो. घरी कुणी आलं की त्याला आतल्या खोलीत बसवतात. ताई दिवसभर त्याच्याच आजाराचं मूळ शोधायच्या आणि डबा खाताना सांगायच्या, मी एकुलती एक. मला त्यांची चीड यायची.

आज निष्कर्ष छापायला जाणार होते. सकाळीच ताई सरांच्या केबिनमध्ये गेल्या आणि खरं सांगून आपला नमुना काढायला म्हणाल्या. सरांनी आधी दार लोटलं. मग समजावलं, एका नमुन्याने काय बिघडतंय, संख्या जेमतेम जमलीय, शिवाय बोभाटा झाला तर तुझंच लग्न अडेल.

"सर, मला भाऊ आहे," ताई म्हणाल्या. "दीड वर्ष मी त्याला कागदावर मारून टाकलंय."

त्यांनी बाहेर येऊन सगळ्यांदेखत आपल्या अर्जावरचं 'नाही' खोडलं, 'हो, धाकटा भाऊ' असं लिहिलं आणि सही केली. कुणी मान वर केली नाही. दोघांना मात्र आपापले अर्ज आठवले असावेत, त्यांनी अर्जांच्या गठ्ठ्याकडे चोरून पाहिलं.

आता मी अभ्यासातून बाद होऊन पॅसेजमध्ये, कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत वितळतेय. संध्याकाळी जाळतील. आतल्या नळ्यांनी खुशाल निरोगी म्हणवून घ्यावं. माझ्याजवळ उभ्या राहून ताई फोनवर बोलतायत, अगदी मोठ्याने, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या. "जेवलास का रे? थांब, मी आल्यावर गोळी देते."