घंटाबाईंची किडनी

टायरच्या बाजूला फुगा आला की ते टायर गेलं, हे मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. वरून रबर धडधाकट दिसतं, पण आतला दोरा तुटलेला असतो आणि हवा बरोबर तीच जागा शोधून डोकं वर काढते. आज फुटेल, उद्या फुटेल, पण फुटेल. त्यामुळे त्या सकाळी अंघोळ करताना पोटाच्या खाली उजवीकडे, अगदी टाक्यांच्या व्रणावर, लिंबाएवढा फुगा हाताला लागला तेव्हा मला कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. दाबला तर आत गेला. खोकलो तर परत वर आला. साबण अंगावर तसाच वाळला.

त्या व्रणाखाली माझ्या सासूची किडनी होती.

सासूबाई शाळेत शिपाई होत्या, तीस वर्षं घंटा वाजवली. पोरं त्यांना घंटाबाई म्हणायची. मीही म्हणायचो, अर्थात पाठीमागे. लग्न ठरलं तेव्हा "पंक्चरवाला?" असं म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं आणि ते मी पंधरा वर्षं जपून ठेवलं होतं. मग माझ्या दोन्ही किडन्या बसल्या. सख्ख्या भावाने कानावर हात ठेवले. बायको तयार होती, पण तपासणीत तिला साखर निघाली. तेव्हा घंटाबाई डॉक्टरपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी बघा."

मी त्यांचे आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "लेकीसाठी देतेय, तुमच्यासाठी नाही. हुरळून जाऊ नका."

ऑपरेशननंतर त्या आमच्याकडेच राहायला आल्या, आपल्या किडनीवर लक्ष ठेवायला. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या, रोज तीन लिटर पाणी आणि वजन उचलायचं नाही. वजनाचं मी बघतो म्हटलं. पाणी त्यांनी ताब्यात घेतलं. दीड लिटरच्या दोन बाटल्या घेतल्या, त्यांवर मार्करने रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेपुढे तास लिहिला. नऊची रेघ, दहाची रेघ. सकाळी एक बाटली माझ्याबरोबर दुकानात यायची. दुपारी त्या स्वतः दुसरी घेऊन यायच्या आणि पहिली उजेडात धरून बघायच्या. तळाला घोटभर जरी उरलं असलं तर गिऱ्हाइकासमोर माझी शाळा घ्यायच्या.

वजनाची गोष्ट मात्र माझ्या अंगाशी आली. पाचव्या महिन्यात एक ट्रकवाला आला. माझा कामगार रजेवर होता, ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवत होता, आणि मला आपण पूर्वीसारखे झालोय असं वाटत होतं. मी चाक उचललं. एकदाच, कमरेपर्यंत. पोटात काहीतरी चरचरलं. मी कुणाला बोललो नाही. दोन आठवड्यांनी फुगा आला.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं, हे आता कुणीही सांगेल. पण सांगणार काय? तुमची किडनी मला सहा महिनेही सांभाळता आली नाही? मला तर पक्कं वाटत होतं की किडनीच बाहेर येतेय. त्या बाईने कूस चिरून घेऊन दिली आणि मी ती एका चाकापायी घालवली. बायको कपडे घडी करत असली तरी मी शर्ट पोटाशी धरून बसायचो.

मग मी मला येतं ते केलं. फुगा आलेलं टायर घेऊन कुणी अडलं की मी त्यातली हवा कमी करून देतो आणि हळू जा म्हणतो. तेवढंच चार दिवस निभतं. मी माझी हवा कमी केली. जेवण अर्ध्यावर आणलं. जुन्या ट्यूबची हातभर पट्टी कापली आणि पोटावर आवळून बांधली. आणि पाणी तोडलं. आतून जेवढं कमी भरेल तेवढा फुगा कमी ताणेल, इतका साधा हिशोब.

दुकानात ट्यूबचं भोक शोधायला पाण्याचा टब असतो. हवा भरलेली ट्यूब त्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथे पंक्चर. घंटाबाईंची बाटली मी रेघ बघून, तास बघून, त्या टबात ओतू लागलो. दिवसभरात तीन-चार घोट घेत होतो, तेही नवी किडनी टिकवायच्या गोळ्या गिळायला. गोळ्या मात्र चुकवल्या नाहीत, एवढा शहाणपणा होता. दुपारी त्या रिकामी बाटली उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "शिकला बाई माझा जावई." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अठरा दिवस असे गेले. लघवी गडद झाली, मग अगदी थोडी होऊ लागली. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. फुगा तेवढाच होता, उलट जरा मोठाच. मला रोज वाटायचं की आज सांगावं, आणि रोज मी बाटली टबात ओतायचो.

महिन्याच्या तपासणीला बायकोला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, म्हणून घंटाबाई बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला, चष्मा काढला आणि परत घातला.

"किडनीचा, क्रिएटिनिनचा आकडा दुपटीच्या वर गेलाय," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्यात उत्तम होता. गोळ्या वेळेवर?"

"हो."

"पाणी?"

मी खाली बघितलं. माझ्या आधी घंटाबाई बोलल्या. "तीन लिटर. माझ्या हाताने भरते, संपलेलं माझ्या डोळ्यांनी बघते. एक दिवस चुकलेला नाही."

त्यांचा आवाज ठाम होता.

"झोपा टेबलावर. पोट बघू."

मी शर्ट दोन्ही हातांनी धरून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी माझे हात बाजूला केले, तर खाली काळी रबराची पट्टी. ती सोडल्याबरोबर फुगा वर आला.

"किडनी बाहेर येतेय का?" मी विचारलं.

"नाही हो. किडनी आत जागच्या जागी आहे. हा हर्निया. जिथे शिवलं तिथला पोटाचा थर उसवलाय आणि त्यातून आतडं डोकावतंय. तुमच्या गोळ्यांमुळे जखम तशी कच्ची भरते. वजन उचललंत?"

"एकदा."

"जाळी बसवून शिवता येईल, आज घाई नाही. पण यामुळे आकडा वाढत नाही." त्या हात धुवायला वळल्या. "पाणी आणि गोळ्या व्यवस्थित असतील तर मला एकच भीती आहे. शरीर ही किडनी नाकारतंय. आजच भरती करू. सुई घालून तिचा तुकडा काढावा लागेल, तोही या फुग्याशेजारून, म्हणजे जोखीम आहे. आणि जोरदार औषध आजच सुरू करू, थांबून चालणार नाही. त्याने टाके आणखी कच्चे होतील, पण किडनी वाचवायची तर इलाज नाही."

घंटाबाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "करा," त्या म्हणाल्या. "काय लागेल ते करा."

फुगा फुटला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. गप्प राहिलो असतो तर माझी अब्रू वाचली असती, आणि नको ते औषध, नको ती सुई त्या किडनीत गेली असती. मी टेबलावर पडूनच बोललो, छताकडे बघत.

"मी पाणी पीत नव्हतो."

"म्हणजे?"

"टबात ओतत होतो. अठरा दिवस. फुगा ताणू नये म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला. कागदावरचं काहीतरी खोडलं.

"मग आधी सलाईन," त्या म्हणाल्या. "तोंडानेही पाणी. उद्या-परवा रक्त परत बघू. आकडा उतरला तर किडनी नुसती पाण्यावाचून वाळली होती असं समजू. नाही उतरला तर सुई आहेच. अठरा दिवस फार झाले, मी खात्री देत नाही."

वॉर्डात सलाईन लागली. घंटाबाई माझ्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या, बाटलीतून पडणारे थेंब बघत होत्या. शिव्या दिल्या असत्या, गिऱ्हाइकांसमोर देतात तशा, तर मला हायसं वाटलं असतं. त्या उठल्या तेव्हा वाटलं, आता निघून जाणार, आणि जावंच. पण त्या कोपऱ्यातल्या नळापाशी गेल्या, ग्लास भरून आणला आणि माझ्या तोंडापुढे धरला.

"पी."

पंधरा वर्षांत त्यांनी मला अरेतुरे केलं नव्हतं. मी ग्लास संपवला. त्यांनी तो हातात घेतला, उजेडात धरून तळ बघितला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"आई," मी म्हटलं, "आकडा उतरला नाही तर?"

त्यांचा हात कुशीवर गेला, त्यांचा व्रण आहे तिथे, आणि तिथेच राहिला.

"आता माझ्याकडे द्यायला दुसरी नाही रे," त्या म्हणाल्या, आणि ग्लास पुन्हा भरायला गेल्या.