गोधडीतले वाटाणे

गॅसची टाकी किती दिवस चालावी याबद्दल त्या घराचं स्वतःचं मत होतं, आणि टाकीनं ते निमूट मान्य केलं होतं. शेजारीपाजारी टाकी आली-गेली कळायची नाही. इथे मात्र ती म्हाताऱ्या नातेवाइकासारखी मुक्काम ठोकून बसायची. टाकी आणून देणाऱ्याने एकदा न राहवून विचारलं होतं, "बाई, तुम्ही घरी जेवता ना?"

जेवत होते. चांगले पोटभर जेवत होते. पण त्या घरात अन्न गॅसवर शिजत नसे, गोधडीत शिजत असे.

ही विद्या सासूबाईंची. वाटाणे रात्री भिजत घालायचे, सकाळी त्यांना सणसणीत उकळी द्यायची आणि गॅस बंद करायचा. पातेलं झाकणासकट जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर गोधडी लपेटायची, उशी टाकायची आणि ते सगळं बोचकं खाटेवर ठेवून आपण आपल्या कामाला लागायचं. दुपार कलेपर्यंत वाटाणे आतल्या आत, कुणाला त्रास न देता मऊ होतात. त्याच गोधडीत शेजारी पाण्याचं दुसरं पातेलं सरकवलं की संध्याकाळी हातपाय धुवायला गरम पाणी. साबणाची उरलेली चिपटी नव्या वडीच्या पाठीवर चिकटवणं, मळलेली कॉलर उसवून उलटी लावणं, एका काडीत दिवा आणि शेगडी दोन्ही पेटवणं, हे सगळं त्यांनीच सुनेला शिकवलं. सून हुशार निघाली. सगळी इमारत तिला सासूबाईंच्या हाकेवरून सूनबाईच म्हणायची आणि तिच्याकडून साबणाचा सल्ला घ्यायची.

आता घरात विद्या होती, गोधडी होती, सासूबाई नव्हत्या.

झालं होतं ते इतकंच. सूनबाई एका संध्याकाळी चहाचा डबा उघडून स्वतःशीच पुटपुटली, "पूर्वी महिना जायचा, आता जात नाही." त्यात वाईट काही नव्हतं, डबा खरोखरच पुरत नव्हता. पण सासूबाई पलीकडे भाजी निवडत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दुपारचा चहा सोडला. पित्त होतं म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पिशवी भरली आणि म्हणाल्या, "लेकीकडे चार दिवस जाऊन येते." थंडी तोंडावर आली होती, तरी गोधडी खाटेवरच ठेवली. "तिकडे पांघरुणं आहेत. तुला इथे लागेल." चार दिवसांचे चार महिने झाले. नवरा म्हणाला, "रमली असेल." सासूबाई का गेल्या ते सूनबाईला पक्कं ठाऊक होतं. त्या घरात जे परवडत नाही ते बंद करायची रीत होती, आणि सासूबाईंनी स्वतःला बंद केलं होतं.

या सगळ्यात भाड्याचं झेंगट आलं.

खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई सकाळीच सांगून गेली. तिच्याच दुकानात सूनबाई अर्धा दिवस काजं करायची. "मालक एकेक बिऱ्हाड घेतोय. माझं वाढवलं. वरच्यांचं तर दीडपट केलं. तुझा नंबर आज-उद्या." सूनबाईच्या दोन खोल्यांचं भाडं कितीतरी वर्षं जसंच्या तसं होतं. का होतं ते कुणी विचारलं नव्हतं; असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. नवरा वखारीत वजनकाट्यावर होता आणि त्याचा पगारही भाड्यासारखाच एका जागी बसलेला. दीडपट भाडं म्हणजे गावाबाहेरची एक खोली. तिथून मुलीची शाळा लांब, वखार लांब, शिंपीणबाईचं दुकान त्याहून लांब. भाड्यात वाचेल ते सगळं बसच्या तिकिटात जाणार. सूनबाईने हिशेब उभा-आडवा करून पाहिला, कुठूनही तो जमत नव्हता. ज्या घरात साबणाची चिपटी वाया जात नाही, त्या घराला आणखी कुठे कात्री लावायची?

दुपारी दार वाजलं. मालकच होते.

मालक पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यामुळे माणूस दिसला की आधी त्याची जीभ बघावी आणि मग विचारपूस करावी, अशी त्यांची नजर होती. एके काळी ते याच इमारतीत खाली राहायचे; बायको गेल्यावर पलीकडच्या पेठेत राहायला गेले. भाडं नवरा तिकडे नेऊन द्यायचा, म्हणून या खोलीत त्यांचं पाऊल बऱ्याच वर्षांत पडलं नव्हतं. हातात घडी घातलेला कागद होता.

"बसा काका," सूनबाई म्हणाली.

मालक बसले नाहीत. त्यांची नजर खाटेवर गेली होती. तिथे गोधडी होती, उशी होती, आणि गोधडीखाली एकापुढे एक ठेवलेली दोन पातेली. सासूबाई मुळातच मूठभर. मालकांनी कागद पाठीमागे नेला आणि आवाज एकदम खाली आणला.

"झोपल्यात वाटतं?"

नाही म्हणायला सूनबाईने तोंड उघडलं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. पण तेवढ्यात मालकांनी कागद खिशात घातला. उघडलेलं तोंड तिने मिटलं.

"बरं नाही का त्यांना?"

सूनबाईने मान हलवली. मान कुठल्या बाजूला हलवली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

मालकांनी चपला दारात काढल्या, चवड्यांवर चालत खाटेपाशी आले आणि कंपाउंडरकीच्या जुन्या सवयीने गोधडीवर हात ठेवला. हात तसाच राहिला.

"अहो, अंग नुसतं तापलंय! कधीपासून?"

"सकाळपासून," सूनबाई म्हणाली. हे शंभर टक्के खरं होतं.

मालकांनी स्टूल ओढलं आणि खाटेजवळ बसले. गोधडीत एका ठिकाणी जांभळ्या लोकरीचा तुकडा होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"ही हिची शाल," ते म्हणाले. "ही गेल्यावर मीच यांना दिली होती. वापरली नाही, जोडून टाकली गोधडीला. बरोबर आहे. वापरली असती तर एव्हाना फाटली असती."

सूनबाई शेगडीपाशी उभी राहिली. दोन पावलं पुढे जाऊन सांगून टाकावं, असं तिला वाटत होतं. पाय हलत नव्हते. मालक मात्र आता तिच्याशी बोलतच नव्हते. ते वाटाण्यांशी बोलत होते.

"बाई, झोपा तुम्ही, उठू नका. हिच्या शेवटच्या दिवसांत तुम्ही रोज दुपारी येऊन बसायचात. मी दवाखान्यात लोकांना औषधं देत असायचो, आणि घरी माझ्या माणसाचे पाय तुम्ही चेपायचात. कधी कपभर चहा घेतला नाहीत माझ्या घरचा. मी पैसे देऊ केले तर दोन दिवस बोलला नाहीत. तेव्हाच ठरवलं, या बाई वर राहतात तोवर या खोल्यांना हात लावायचा नाही. सगळ्यांचं वाढवलं, तुमचं नाही. तुम्हाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं नसतं." त्यांनी गोधडीवर हळूच थोपटलं. "आज वाढवायला आलो होतो. खोटं कशाला बोलू? कुणीतरी सांगितलं की तुम्ही इथून गेलात. लोक काहीही सांगतात."

मग त्यांनी खिशातून नोट काढली आणि गोधडीवर ठेवली. "सूनबाई, संध्याकाळच्या आत डॉक्टरला आणा. या वयात असा ताप बरा नव्हे."

इथवर सूनबाईने निभावलं होतं. पण नोट पाहिली आणि तिला ते सोसवेना. त्या घरात लोक हात आखडता घेत, पण कुणापुढे पसरत नसत. आणि हे पैसे तर वाटाण्यांच्या औषधाचे होते. ती पुढे आली, नोट उचलून मालकांच्या हातात दिली, उशी काढली, गोधडी उलगडली, वर्तमानपत्र बाजूला केलं. झाकणाखालून वाफ आली.

मालकांनी पातेल्याकडे पाहिलं, मग सूनबाईकडे, मग पुन्हा पातेल्याकडे. तेवढ्या वेळात त्यांनी मनातल्या मनात भाडं दोनदा वाढवलं असावं.

"त्या कुठे आहेत?"

"लेकीकडे."

"पाहुण्या म्हणून?"

"नाही." सूनबाईला लाज वाटत होती आणि ती लपवावी असंही वाटत नव्हतं. "माझ्या तोंडून चहावरून एक शब्द गेला. एक ताट कमी होईल म्हणून निघून गेल्या."

मालक हसले की खोकले ते कळलं नाही. "एक ताट कमी," ते म्हणाले. "तुम्ही घरातला सगळ्यात मोठा वाचवणारा माणूस घालवलात, आणि तोही काटकसर म्हणून."

दाराशी जाऊन ते थांबले. "शिजतात खरंच?"

सूनबाईने चमच्यावर चार वाटाणे दिले. मालकांनी जिभेने दाबून पाहिले. "मऊ झालेत. मीठ नाही."

"मीठ शेवटी. सासूबाई सांगतात, आधी घातलं की वाटाणे हट्टाला पेटतात."

"मी एकटाच असतो. माझी टाकी पंधरवड्यात संपते," मालक उगाचच म्हणाले आणि चपला पायात सरकवल्या. "हे बघा. पहिल्या तारखेला येईन. त्या घरी असल्या तर चहा घेईन, नसल्या तर या कागदावर सही घेईन. फसवलंत मला, पण नोट परत दिलीत, म्हणून एवढं."

संध्याकाळी सूनबाई समोरच्या दुकानात गेली. तिथे पैसे देऊन फोन करता यायचा. फोनशेजारी मिनिटं मोजणारा डबा होता आणि दुकानदाराची नजर त्या डब्यावर. नणंदेने फोन उचलून आईला दिला.

"कोण गेलं?" सासूबाईंनी विचारलं.

"कोणी नाही. मीच."

"मग पत्र टाकायचं. फोन कशाला?"

सूनबाईने येताना वाक्यं जुळवून आणली होती, सगळी भाड्याची. तोंडातून भलतंच निघालं. "मला करमत नाही. या ना परत."

"करमेल. रोज वाटाणे भिजवतेस ना?"

"त्या दिवशी मी चहाचं बोलले ते…"

"बरोबर बोललीस. डबा पुरत नव्हता. मी असले की पुरत नाही, नसले की पुरतो. त्यात रागवायचं काय? इथे बरं आहे माझं. ठेव आता, पैसे पडतात."

"पुरत नाही आता!" सूनबाई जवळजवळ ओरडली. दुकानदाराने मान वर केली. मग तिने एका दमात सगळं सांगितलं: मालक, गोधडी, ताप, जांभळी शाल, न वाढलेलं भाडं, पहिली तारीख. सासूबाईंनी मध्ये एकदाच तोंड उघडलं. "किती वाढवणार होता?"

सूनबाईने आकडा सांगितला. पलीकडे सासूबाई पुटपुटत हिशेब करत होत्या.

"अगं बाई," त्या शेवटी म्हणाल्या. "म्हणजे चार महिने मी इथे बसून तुमच्या मुळावरच उठले होते!"

"हो."

"पण शेजारधर्माचे कसले पैसे घ्यायचे त्या माणसाकडून? नाही पटत मला."

"ते तुम्ही त्यांच्याशी भांडा. इथे येऊन."

"भांडीन. सोडते की काय! उद्या सकाळच्या गाडीने निघते. रात्री माझ्यापुरते मूठभर जास्त भिजव." आवाजात जुना खणखणीतपणा आला होता. "ठेव आता, मिनिट भरेल."

"ठेवते."

"थांब."

सूनबाई थांबली. डब्यावरचा आकडा बदलायच्या बेतात होता.

"सुरुवातीला काय म्हणालीस तू?"

"कधी?"

"भाड्याच्या आधी."

सूनबाईने डब्याकडे पाहिलं. आकडा बदलला. नवं मिनिट सुरू झालं. ते आता पूर्ण भरावं लागणार होतं, आणि हे पलीकडच्या बाईला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. तरी सासूबाईंनी फोन ठेवला नाही.

"करमत नाही, म्हणाले."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा म्हण."

सूनबाईने पुन्हा म्हटलं. दुकानदाराने वरच्या मिनिटाचे पैसे लावले, आणि तिने घासाघीस न करता ते देऊन टाकले.