जमालुद्दीनचाचांनी सांधलेली गिटार

मित्रांनो, मी एक जुनी फ्लामेंको गिटार आहे. फ्लामेंको हे दक्षिण स्पेनमधल्या गरीब वस्त्यांत वाढलेलं संगीत. तिथल्याच सेव्हिल शहरात एका कारागिराने मला सरूच्या हलक्या लाकडातून घडवलं. क्रेन दुरुस्त करणाऱ्या रफाएलने २००४ साली मला सौदी अरेबियात आणलं. तिथल्या अल-खोबर शहरामागच्या कामगारांच्या जुन्या वस्तीत तो राहू लागला.

पहिल्याच उन्हाळ्यात एसीच्या कोरड्या हवेने माझ्या पाठीला तडा गेला. शेजारचे जमालुद्दीनचाचा राजापूरचे सुतार. त्यांनी गिटार कधी हातात धरली नव्हती, पण होड्यांच्या फळ्या जन्मभर सांधल्या होत्या. तीन शुक्रवार खपून त्यांनी मला जोडलं, आणि मोबदल्यात रफाएलकडे फक्त ऐकायला बसायची परवानगी मागितली.

मग दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर खोली भरू लागली. वेल्डर, ड्रायव्हर, रंगारी असे सगळे यायचे. रफाएलने त्यांना बारा मात्रांच्या टाळ्या शिकवल्या. आमच्या सेव्हिलच्या वस्तीत नुसता ऐकणारा कुणी नसतो, असं तो मोडक्या हिंदीत सांगायचा. घट्टे पडलेल्या त्या हातांचा ठेका ऐकून मला माझ्या कारागिराचाही विसर पडायचा.

एकदा ताजुद्दीन वेल्डरची आई गावी वारली. त्याचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा होता तो मालक, परदेशी गेलेला; त्याच्या सहीवाचून ताजुद्दीनला देश सोडता येईना. तो जेवेना. शुक्रवारी चाचांनी त्याला हाताला धरून आणलं. रफाएलने संथ, दुःखाची चाल धरली. ती ऐकून ताजुद्दीन म्हणाला, "चाचा, अम्मा भाताच्या लावणीला गायची."

"मग तू गा," चाचा म्हणाले.

तो गायला. आवाज फाटला, तरी रफाएल थांबला नाही. त्याच्यामागून सुरात सूर मिळवत गेला. सगळ्यांनी हलक्या टाळ्या धरल्या. दुसऱ्या दिवशी त्यातले अकरा जण ताजुद्दीनबरोबर कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले, आणि कफीलची सही फॅक्सवर येईपर्यंत उठले नाहीत. ताजुद्दीनला आईची माती मिळाली नाही, पण चाळिसाव्या दिवसाच्या विधीला तो बहिणींजवळ होता.

पुढे रफाएल मायदेशी गेला. जाताना त्याने मला चाचांच्या हवाली केलं. चाचाही थकून राजापूरला परतले, मला बरोबर घेऊन. आज मी कपाटावर आहे. तारा गंजल्या आहेत. पाठीवरचा सांधा मात्र अजून हललेला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं वाद्य मुकं पडलं असेल, तर त्याची धूळ पुसा, तारा बदला. आणि ते वाजवायला एकटे बसू नका. शेजाऱ्यालाही हाक मारा.