रविवारची राखण

वरवंडात डॉक्टर स्नेहल शितोळेंचा दवाखाना एकवीस वर्षांचा, आणि त्या एकवीस वर्षांत सुट्टी म्हणून त्यांना ठाऊक नव्हती. ताटावरून उठवायचा गावाला जणू हक्कच होता. दिवाळीत एका पेशंटच्या चिठ्ठीवर त्यांनी दुसऱ्याच्याच गोळ्या लिहिल्या. मेडिकलवाल्यानं फोन केला म्हणून निभावलं, पण ताईंनी धसकाच घेतला. पुण्यात विमा कंपनीत कागद तपासायची नोकरी त्यांनी ठरवून टाकली. कागदांना निदान ताप येत नाही.

गावाला कळलं. तोंडावर हळहळले सगळे, पण उठल्या त्या एकट्या अनसाबाई. त्यांची चार नातवंडं ताईंच्या हातची. दर रविवारी त्यांनी ताईंच्या फाटकात खुर्ची टाकली, हातात काठी घेतली. जाईपर्यंत तरी बाईला झोपू द्या, म्हणाल्या. साप चावला, कळा सुटल्या तरच आत. सर्दी-पडशानं उद्या यायचं. पित्त झालेल्या सरपंचालासुद्धा त्यांनी माघारी धाडलं, आता बोला!

तिसऱ्या रविवारी ताई चक्क नऊपर्यंत झोपल्या. चहा घेऊन खिडकीत आल्या, तर एक खोकणारा गडी फाटकातून सरळ आत येत होता आणि अनसाबाई त्याला काहीच बोलत नव्हत्या. पौषातली थंडी, अन् ही बाई पदरानं कपाळ पुसतेय. ताईंनी कप ठेवला आणि अनवाणीच धावल्या.

"गॅस झालाय," अनसाबाई म्हणाल्या. "तुम्ही जावा आत, आज रविवार हाय."

गॅस कसला डोंबलाचा! ताईंनी कार्डिओग्राम काढला, गोळी चघळायला दिली आणि स्वतःच्या गाडीत घालून त्यांना दौंडला नेलं. तिथले हृदयाचे डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं; ओळखलंत कशावरून? त्या माणसावर ओरडल्या नाहीत त्यावरून, ताई म्हणाल्या. हे सांगताना त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला. कित्येक वर्षांत असा वाटला नव्हता. दिवाळीत हरवलेली नजर परत आली होती, आणि तीन रविवार नीट झोप झाल्यावर आली होती.

दोन दिवसांनी अनसाबाई पलंगावरून ओशाळून म्हणाल्या, "माझ्यामुळं तुमचा रविवार मोडला. आता पुण्याला जाणार व्हय?"

"नाही जात, मावशी. कालच कळवलं त्यांना. पण रविवार मात्र मी सोडणार नाही. लवकर बऱ्या व्हा, फाटकातली खुर्ची रिकामी आहे."