करार ऑगस्टपर्यंतचा

शनिवार होता, म्हणून आयली निस्कानेनबाईंनी दुपारीच तळघरातला सौना, वाफेच्या स्नानाची खोली, तापत ठेवला आणि वर भट्टीत वेलदोड्याचा गोड पाव लावला. अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या चढावरचं हे तीन मजली लाकडी घर नवऱ्याच्या मागे त्यांनी एकटीनं राखलं होतं. भाडेकरूंना त्या घरचीच माणसं मानत. दिलेला शब्द मोडलेला मात्र त्यांना खपत नसे.

खालच्या मजल्यावरची कारिन दारात येऊन उभी राहिली. शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाणारी, मूळची बडबडी पोर. अलीकडे तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

"आयलीकाकू, मला जागा सोडायचीय. मी एकटीच जाणार आहे, बहिणीकडे. लवकरात लवकर."

"अगं बाई! करार ऑगस्टपर्यंतचा आहे, दोघांच्या सह्या आहेत त्यावर. मनात आलं की निघालं, असं चालतं का कुठं?"

"आणि एखादीला जावंच लागलं तर?"

"का म्हणून? एवढा गुणी नवरा तुझा! न सांगता माझ्या दारातला बर्फ काढून देतो. अगं, भांड्याला भांडं लागतंच."

कारिन काहीतरी बोलणार होती, पण नुसतं "बरं" म्हणून जिना उतरून गेली. बाई पाव बघायला आत वळल्या.

संध्याकाळी सौनात घरातल्या बायकांची वेळ होती. सौनात जे दिसेल ते सौनातच ठेवायचं, बाहेर काय, आतही त्याविषयी बोलायचं नाही, ही रीत त्यांच्या आज्यांनी फिनलंडहून बरोबर आणली होती. सगळ्या उघड्या बसल्या होत्या, कारिन तेवढी टॉवेल घट्ट लपेटून. पण घामानं टॉवेल घसरला आणि दंडावर पाच बोटांचे काळेनिळे वळ दिसले, पाठीवर त्याहून जुने, पिवळे पडलेले. आयलीबाईंनी ते पाहिलं. लाकडी ओगराळ्यानं त्यांनी तापल्या दगडांवर पाणी ओतलं. वाफ उसळली.

"ऊब पुरे ना गं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मन खात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी बर्फ काढणाऱ्या डेलला, कारिनच्या नवऱ्याला, त्यांनी आपल्या परीनं समजावलं. "अरे, बायकोशी जरा सबुरीनं घे. जागा सोडून जाते म्हणत होती."

डेलचं फावडं थांबलं. "अस्सं? मला बोलली नाही." मग तो हसला. "काळजी करू नका काकू, मी बघतो."

त्याच संध्याकाळी दारात पोलिसांची गाडी आली. डेलला बेड्या घालून नेलं आणि कारिनला चादरीखाली. पलंगाखाली तिची पिशवी भरलेली सापडली. पिशवीत सगळ्यात वर, नाताळात आयलीबाईंनी विणून दिलेले लोकरीचे मोजे होते.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी होती. तिथे पीडित बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेची एक बाई त्यांच्या शेजारी येऊन बसली. "आपल्या राज्यात कायदा आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मारहाणीची भीती असेल तर बाईला मुदतीआधी करार मोडता येतो. तिनं लेखी कळवायचं, सोबत पुरावा द्यायचा. घरमालकानं ते कुणाला सांगायचं नाही."

"कुणालाच?"

"नवऱ्याला तर नाहीच नाही."

आयलीबाईंनी भरला कप तसाच खाली ठेवला.

पुढच्या शनिवारी सौना पुन्हा तापला. फळीवर कारिनची जागा रिकामी होती. आयलीबाईंनी ओगराळं खाली ठेवलं आणि आज्यांची रीत मोडली.

"मी तिचे वळ पाहिले होते," त्या म्हणाल्या. "इथंच."

मग मधल्या मजल्यावरची म्हातारी इम्पी पुटपुटली, "मीही."

"मी तर नाताळाच्या आधीच," कोपऱ्यातून आणखी एकजण बोलली आणि रडू लागली.

"आजपासून इथं जे दिसेल ते विचारायचं," आयलीबाई म्हणाल्या. "मुदतीआधी करार मोडता येतो, तो कायदा मी उद्याच वर जिन्याच्या भिंतीवर लावते. आणि माझ्या घरातून जिला जायचंय तिला कराराची मुदत आड येणार नाही. तिचं सामान मी स्वतः उचलीन."

इम्पीनं डोळे पुसले. "पण आयली, आपण विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं का गं?"

"सांगायलाच तर आली होती," आयलीबाई म्हणाल्या. "मी तिला ऑगस्ट दाखवला."