पिंजऱ्यातली भाकरी

मी उंदीर पकडायचा पिंजरा बोलतोय. सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. जे काही शिकलो ते भाकरीच्या भट्टीत, पिठाच्या पोत्यांमागे बसून. भट्टीवाल्याची मुलगी तिथे मोठ्यानं धडे वाचायची आणि मी ऐकायचो. तिचं पुस्तक अर्ध्यावर आलं आणि भट्टी पाडली. तेवढंच माझं शिक्षण. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कैरोच्या जुन्या वस्तीत, तांबटांच्या गल्लीच्या टोकाला झाला. गिरगिस नावाच्या म्हाताऱ्यानं मला तारेनं विणलं. त्याची नजर गेलेली होती, पण बोटांना सगळं दिसायचं. आत आमिष टोचायला आकडा, आकड्याला बांधलेलं दार. उंदरानं आकडा ओढला की दार खाडकन पडणार. गिरगिस ते दार पुन्हा पुन्हा पाडून ऐकत बसायचा. "आवाज मोठा पाहिजे," म्हणायचा. "चोर घरात शिरलेला मालकाला कळायला नको?"

तो आवाज हीच माझी वाचा. पण ती माझ्या हातात नाही. दुसऱ्या कुणीतरी आकडा ओढला तरच मला बोलता येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मला अश्मावी भट्टीवाल्यानं नेलं. तिथे दिवस बरे गेले. पीठ आलं की उंदीर आलेच, त्यामुळे मला काम भरपूर होतं. अश्मावीचा एक दंडक होता. माझ्या आकड्याला मासळीचं डोकं लावायचं, खारट चीज लावायचं, पण भाकरी लावायची नाही. एकदा नव्या गड्यानं भाकरीचा तुकडा टोचला, तर अश्मावीनं त्याचा हातच धरला.

"भाकरी दाखवून कुणाचा जीव घ्यायचा नसतो," तो म्हणाला. "उंदराचासुद्धा. काढ ती."

आमच्याकडे सगळेच असे. रस्त्यात भाकरीचा तुकडा पडलेला दिसला की माणूस घाईत असला तरी थांबतो. तुकडा उचलतो, फुंकर घालतो, ओठांना लावतो, कपाळाला लावतो आणि कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी उंचावर ठेवतो. भिंतीवर, खिडकीत, गाडीच्या टपावर. तिथून तो पाखरं खातात. भाकरीवर पाय पडू द्यायचा नाही, हे इथल्या लेकराला चालायच्या आधी कळतं.

मग वस्तीतून रुंद रस्ता जाणार असं ठरलं. साहेब लोक आले, भिंतींवर लाल रंगाच्या खुणा करून गेले. जिथे खूण तिथे घर जाणार. माणसांना नवी घरं मिळणार होती, शहराच्या पार बाहेर. उंदरांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

खरं तर उंदरांचाही विचार आधी व्हायचा असतो. घर पाडण्याच्या कितीतरी दिवस आधी आत औषध ठेवायचं, गटारांची तोंडं बुजवायची, उष्टंखरकटं हलवायचं आणि उंदीर संपले की मग यंत्र लावायचं. ही रीत मी पुढे औषधवाल्यांच्याच तोंडून ऐकली. पण वरून कुणाला तरी घाई झाली आणि यंत्रं आधी आली. भट्टी सगळ्यांत पहिली पडली. तिच्या पोटात किती पिढ्यांचे उंदीर राहत होते कोण जाणे. धुळीतून ते पिल्लं तोंडात धरून पळाले, थेट पुढच्या गल्लीत. त्याच गल्लीतून माणसं गाद्या डोक्यावर घेऊन चालली होती. दोघांच्या चालण्यात मला फारसा फरक दिसला नाही.

अश्मावी मला पायरीवरच ठेवून निघाला होता. तेवढ्यात शेजारचा रिफअत आला. ट्रामवर तिकिटं फाडून निवृत्त झालेला माणूस, उंच आणि वाकलेला.

"हा टाकून चाललास होय रे?"

"सहाव्या मजल्यावर घर मिळालंय, रिफअतभाऊ. तिथे उंदीर कुठला येतोय?"

"लिफ्टनं येईल. तुझ्यापेक्षा आधी पोचेल."

अश्मावी हसला आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं. रिफअतनं मला काखेत मारलं. असा मी कबुतरांच्या घरी आलो.

रिफअतच्या गच्चीवर लाकडी खुराडं होतं. खुराडं कसलं, मनोराच. निळा रंग दिलेला, चार माणसं एकमेकांच्या खांद्यांवर उभी राहतील एवढा उंच. संध्याकाळी तो फडकं बांधलेली काठी फिरवून शीळ घालायचा आणि सगळा थवा एकदम वळायचा. पोरगा हिलाल आखातात गेल्यापासून तो थवाच त्याचा गोतावळा झाला होता. बायको इन्शिराह त्याला टोमणे मारायची.

"हिलालचे बाबा, मला कधी अशी शीळ घातली नाहीत."

"तू कधी वळली असतीस?"

त्या घरावरही लाल खूण होती. रिफअतला घराचं फार वाटत नव्हतं. त्याला एकच घोर लागला होता, थवा जिवंत बाहेर काढायचा. शहराच्या कडेला एका मित्राची गच्ची होती, तिथे नवं खुराडं बांधता आलं असतं. पण घरट्यांत पिल्लं होती. पिल्लं असताना कबुतरं हलवली तर आईबाप पिल्लांना टाकतात. म्हणून पिल्लांच्या पंखांत बळ येईपर्यंत थांबायचं होतं. यंत्रं येण्याआधी पिल्लं मोठी व्हायला हवी होती आणि पिल्लं मोठी होण्याआधी उंदरांना त्यांच्यापर्यंत पोचू द्यायचं नव्हतं. हे दुसरं काम माझं. मी जिवापाड केलं. त्या दिवसांत माझं दार जितकं वाजलं तितकं भट्टीतही वाजलं नव्हतं.

तरी उंदीर आवरेनात. मशिदीच्या कर्ण्यावरून सांगणं झालं. औषधवाले येणार आहेत, काळे डबे ठेवणार आहेत, डब्यांना हात लावू नका, मुलं-मांजरं घरात ठेवा. डबे खरंच चांगले होते. उंदीर शिरेल एवढंच भोक, औषध आत, दुसऱ्या कुणाला धोका नाही. पण पहिले डबे ज्या घरांत ठेवले ती घरं दुसऱ्याच दिवशी पाडली आणि डबे ढिगाऱ्याखाली गेले. नवे डबे येईनात.

त्या दिवशी रिफअत मित्राची गच्ची बघायला गेला होता. उंदीर जिन्यानं चढतात म्हणून त्यानं मला जिन्याच्या वळणावर ठेवलं होतं. औषधवाला बदरावी घामाघूम होऊन आला आणि माझ्याशेजारी टेकला. त्याच्या बादलीत भाकरीचे तुकडे होते. मधोमध चिरून आत करडी भुकटी पसरलेली. तिला लसणासारखा वास येत होता, उंदराच्या विषाला येतो तसा.

"तू एकटा काय काय करणार, भाऊ," तो मला म्हणाला. माणसं दमली की वस्तूंशी बोलतात. "वरून निरोप आलाय, डबे नसतील तर भाकरीला लावा. म्हटलं, साहेब, भाकरीला? तर म्हणे, उंदीर काय पक्वान्न मागतो का?"

त्यानं भाकरी भिंतीच्या कडेला ठेवली. जमिनीवर ठेवताना पुटपुटला, "देवा, माफ कर." मग बादली उचलून तो गल्लीत उतरला आणि दारादारांशी तुकडे ठेवत पुढे गेला.

थोड्या वेळानं इन्शिराह भाजी घेऊन आली. वळणावर दम खायला थांबली. भाकरी दिसली.

"बघा, काय लोक," ती म्हणाली. "लसूण लावून खायचं नि उरलेलं जिन्यात फेकायचं. घरं पाडताहेत ते कमी आहे, हे वर आणखी."

ती वाकली. यंत्रांची धूळ तर सगळ्याच गोष्टींवर बसलेली असायची. तिनं तुकड्यावरची करडी पूड धूळ समजून झटकली, फुंकर घातली. ओठांना लावला, कपाळाला लावला.

मला ओरडायचं होतं. इतकी वर्षं मी उंदरासाठी वाजलो, त्या एका क्षणी तिच्यासाठी वाजायचं होतं. आकड्यावर मासळीचं डोकं तसंच लटकलेलं होतं. एखादा उंदीर यावा आणि त्यानं ते ओढावं म्हणून मी देवाला विनवलं. कुणी आलं नाही. इन्शिराहनं पिशवी उचलली आणि भाकरी हातात जपून धरून ती गच्चीवर गेली.

रिफअत दुपार उलटल्यावर आला तो शीळ घालतच. सौदा जमला होता. "अगं ए, गच्ची मिळाली," तो जिन्यातूनच म्हणाला. "वारा बघशील तर कसला आहे. पिल्लं उडाली की निघू." मला उचलून तो वर चढला.

दाण्यांच्या परातीभोवती कबुतरं पडली होती. काही परातीत, काही काठावर, पंख उघडे टाकून. पांढरा बुजुर्ग नर, जो सगळ्यांत पुढे उडायचा, तो पाण्याच्या ताटलीपर्यंत पोचला होता. घरट्यांत पिल्लं जिवंत होती. पावलांची चाहूल लागताच त्यांनी चोची उघडल्या.

रिफअतनं मला खाली ठेवलं. परातीवर वाकून त्यानं वास घेतला. तो एकेक कबूतर उचलून त्याचे पंख नीट मिटवत राहिला. मग आत खोलीतून ओकारीचा आवाज आला आणि तो धावला. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"काय झालं? काय खाल्लंस?"

"काही नाही हो. सकाळपासून चहाच पोटात आहे. धुळीनं मळमळतंय."

"आठव नीट."

"सांगितलं ना, काही नाही. जिन्यात कुणी भाकरी टाकली होती, ती तेवढी उचलली. भिजवून तुमच्या लाडक्यांना घातली. तुम्ही आज घरी नव्हतात, म्हटलं वाट बघत असतील."



"कुठली भाकरी? लसणाच्या वासाची?"

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यानं तिला तोंड खळखळून धुवायला लावलं, हात साबणानं धुवायला लावले आणि काय कारण ते न सांगता रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी दोघं परतली. नुसतं ओठांना लागलं होतं, पोटात काही गेलं नव्हतं, म्हणून निभावलं. डॉक्टरांशी तो तिला बाहेर बसवून बोलला असावा, कारण तिला काहीच कळलेलं नव्हतं. ती गच्चीवर आली आणि तिनं पाहिलं.

"हे काय झालं हो?"

"धूळ," रिफअत म्हणाला. "यंत्रांची धूळ बसली छातीत. अशी जातात कबुतरं. माझ्या वडिलांचीही गेली होती."

"सगळी? एकदम?"

"वारा आज इकडचा होता."

ती परातीजवळ बसली. "मेल्यांनी भाकरी किती आवडीनं खाल्ली होती हो. एक तुकडा ठेवला नाही."

"चांगलं केलंस," तो म्हणाला. "पोटभर खाऊन गेली."

एवढं बोलून तो घरट्यांकडे वळला. त्यानं पोत्यातले दाणे तोंडात घेतले, चावून मऊ केले, वर पाण्याचा घोट घेतला आणि एका पिल्लाची चोच ओठांत धरली. पिल्लू आधी बावचळलं, मग ओढून ओढून खाऊ लागलं. इन्शिराह बघत होती. डोळे पुसून म्हणाली, "चला, म्हातारपणी आई झालात."

"तू पण ये," तो म्हणाला. "चोची फार आहेत."

माझ्यात उंदीर आला तर त्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी काही पुण्यवान नाही. पण माझ्यात जो येतो तो दिसतो. सकाळी मालकाला त्याच्या डोळ्यांकडे बघावं लागतं. शहर मोडायचं असेल तर मोडा, रस्ते हवेतच. फक्त आधी कोण कुठे राहतंय ते बघा, आणि मारायचं असेल त्यालाच मारा. जी वस्तू दिसली की माणूस वाकतो, तिच्यात मरण भरून वाटेवर ठेवू नका. पिंजऱ्याचं एवढंच मागणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिफअतनं पिल्लांना भरवलं. मग माझ्या आकड्यावरची मासळी काढून टाकली आणि मला नळाखाली धुतलं. मला वाटलं, आता अडगळीत जाणार. पण हाताला फडकं गुंडाळून तो मला घेऊन गल्लीत उतरला आणि भिंतींच्या कडेचे भाकरीचे तुकडे वेचू लागला. काही जमिनीवर होते. बरेचसे उंचावर होते, खिडक्यांत, कठड्यांवर. रात्रीतून कुणाकुणाच्या हातांनी ते जपून वर ठेवले होते.

बदरावी समोरून बादली घेऊन येत होता.

"हाजी, हात नका लावू. विष आहे त्याला."

"माहीत आहे."

"मग वेचता कशाला? पुन्हा ठेवावे लागतील मला."

रिफअतनं खिडकीतल्या तुकड्याकडे बोट दाखवलं. "हा तू तिथे ठेवलास?"

बदरावीनं वर पाहिलं. मग पुढच्या खिडकीत पाहिलं, मग त्याच्या पुढच्या.

"आपल्या गल्लीत भाकरी जमिनीवर राहते का रे? तू कुठे वाढलास?"

"इथेच," बदरावी हळू म्हणाला. त्यानं बादली खाली ठेवली आणि गल्लीच्या पलीकडच्या बाजूनं तो तुकडे वेचायला लागला.

वरून इन्शिराहनं डोकं बाहेर काढलं. "हिलालचे बाबा, उंदराच्या पिंजऱ्यात भाकरी भरताय? लोक काय म्हणतील? इकडे द्या, मी ठेवते नीट."

"राहू दे गं."

"वेड लागलंय तुम्हाला कबुतरांपायी."

"लागलंय," तो म्हणाला.

प्रत्येक तुकडा उचलला की त्याचा हात आपोआप ओठांकडे जायचा आणि अर्ध्या वाटेत थांबायचा.  मग वाकून तुकडा माझ्यात ठेवायचा. गल्ली संपली तेव्हा मी भरलो होतो. त्यानं माझं दार हातानं धरून, आवाज होऊ न देता लावलं आणि खिशातून तार काढून ते घट्ट बांधून टाकलं.