अर्धाच ऐकलेला युक्तिवाद

साहेब, तुम्ही माझ्या बहिणीचा युक्तिवाद मधोमध कापलात. अर्धा निकालपत्रात घातलात, उरलेला अर्धा गिळलात. अनवधानानं झालं म्हणाल, तर मी मानणार नाही. मी त्या खोलीत होतो. कोर्टाचा अवमान म्हणायचा तर म्हणा. मी काचा बसवणारा माणूस, मला कापाकापी कळते.

दावा साधा होता. शिवणकाम करणारी एक मावशी. तिची बहीण बाळंतपणात गेली, मागे मुलगी राहिली. बाप जहाजावर कामाला निघून गेला. मुलगी मावशीच्या मशीनखाली चिंध्यांशी खेळत वाढली. एका जागी बसत नाही, म्हणून आम्ही सगळे तिला भिंगरी म्हणतो. आता ती नऊ वर्षांची आहे. बाप परत आला, दुसरं लग्न केलं, घर केलं, आणि म्हणाला, माझी मुलगी मला द्या. मावशीनं वकील केली ती माझी ताई. कारण दुसरे वकील तिला परवडत नव्हते, आणि मावशी आमच्याच जिन्यात, समोरच्या दारात राहते.

ताई धर्मपीठाच्या विधी विद्यालयात शिकली. तिथे राहणं-खाणं फुकट होतं, दुसरं कारण नाही. मग तिनं वकिलीची सरकारी परीक्षाही दिली, वर आली. तरी कोर्टाच्या कँटीनमध्ये तिला पीठवालीच म्हणतात. "काय पीठवाली, आज कुणाची पोळी लाटणार?" असं. तुम्हीसुद्धा पहिल्याच दिवशी चष्म्यावरून बघून म्हणालात, "पीठाची पदवी का? इथे कायदा चालतो, बाई." अख्खी खोली हसली. ताईही हसली. तिला सवय आहे.

तिथे काय शिकवतात हे मला ठाऊक आहे, कारण ते आमच्या स्वयंपाकघरात रोज घडतं. आधी समोरच्याची बाजू मांडायची. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. उगाच दोन वाक्यांत उरकायची नाही, त्याला स्वतःला जमली नसती इतकी चांगली मांडायची. पटलं की तो टेबलावर दोन बोटं दोनदा ठोकतो. म्हणजे, हो, हीच माझी बाजू, आता बोल. ती ठोक मिळेपर्यंत उत्तर द्यायला बंदी. टीव्हीच्या रिमोटवरून भांडण झालं तरी ताईपुढे हेच करावं लागतं. आई म्हणते, "हिच्याशी भांडायचं म्हणजे आधी हिचंच वकीलपत्र घ्यायचं."

सुनावणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर, खिडकीजवळ बसलो होतो. त्या खिडकीची पुट्टी सुटलीय, काच थरथरत असते. बापाचा वकील आधी बोलला. त्याला सगळे गोडबोल्या म्हणतात. गोड बोलला, लांब बोलला, आणि काही सांगितलं नाही. मग ताई उठली.

ती म्हणाली, "आधी त्यांची बाजू नीट मांडते." आणि सुरू झाली. हा माणूस पळून गेला नव्हता. बायको गेल्यावर तान्ह्या पोरीला उचलायचं त्याला धैर्य नव्हतं, म्हणून ज्या बाईवर विश्वास होता तिच्या हाती त्यानं ती दिली. जहाजावरून त्यानं पत्रं पाठवली, बाहुल्या पाठवल्या. आता तो सावरलाय. मुलीला आपल्या बापाचा चेहरा ठाऊक असण्याचा हक्क आहे. "आणि माझ्या अशिलालाही," ताई मावशीकडे वळून म्हणाली, "कधीकधी वाटतं की आपण ही मुलगी तिच्या बापापासून लपवतोय."

साहेब, मावशीनं पदर तोंडाला लावला, पण मान हलवली. खरंच होतं ते. तिनंच ताईला सांगितलं होतं, आणि सांगायची मुभाही दिली होती. बाप डोळे पुसत होता. गोडबोल्या शेजारच्याला म्हणाला, "च्यायला, माझी फी हिलाच द्यायला पाहिजे."

ताई थांबली. पीठात थांबतात तशी, हात मागे बांधून. आणि साहेब, तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं मेजावर पडली. टक टक. तुम्ही लगेच हात मांडीवर घेतलात. गरम तव्याला लागल्यासारखा.

ते बघून मला कळलं. या खोलीत ही भाषा समजणारा आणखी एक माणूस आहे, आणि तो वरच्या खुर्चीत बसलाय. ताईच्या गालांवर रक्त चढलं. मग तिनं जे उत्तर दिलं तसं मी तिला आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं. विश्वासानं मूल सोपवलं, तर त्या विश्वासात ते मूल रुजलं. रोप दुसऱ्याच्या अंगणात लावायचं आणि झाड झाल्यावर मुळं उपटून न्यायची, ही माया नव्हे. बाप मिळावा, पण मावशी हिरावून नको. त्यानं दर आठवड्याला यावं, सुट्टीत न्यावं, चेहरा ओळखीचा व्हावा. मग मुलगीच एक दिवस सांगेल. बाप स्वतः मान डोलवत होता. गोडबोल्यानं त्याचा दंड दाबला, "हलवू नका हो मान, आपण विरुद्ध पक्ष आहोत."

बाहेर आलो तर आम्ही जिंकल्यासारखे. भिंगरी पायऱ्यांवर गोल गोल फिरत होती. इतर वकील जवळ येत होते, ताईचा हात हातात घेत होते. कँटीनवाल्यानं आपणहून म्हटलं, "पीठवालीच्या चहाचं राहू दे."

मग निकाल आला.

"अर्जदाराच्या विरोधी पक्षाच्या वकिलांनी स्वतःच मान्य केले आहे की," असं तुम्ही लिहिलंत. खाली ताईचा सगळा पूर्वपक्ष, शब्द न् शब्द. तिचं उत्तर एका ओळीतही नाही. आणि त्यावर तुमचा शिक्का: "मूल ज्याच्या नावाचे, त्याच्या छपराखाली." कुठल्या कायद्याचं कलम, काही नाही. शाळेचं हे वर्ष संपलं की मुलगी बापाच्या ताब्यात द्यावी.

मावशी मशीनवर बसली आणि कुणाचा तरी झगा शिवत राहिली. आई ताईला म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण केलंस. कशाला मांडायची दुसऱ्याची बाजू?" ताई निकालाच्या त्या एका वाक्यावर बोट ठेवून बसली होती. मग हळूच म्हणाली, "हे वाक्य मला पाठ आहे."

"कायद्याचं आहे?"

"पीठाचं आहे. पुस्तकातलं, पहिल्या वर्षी पाठ केलेलं. पण अरे, हा तर पूर्वपक्ष आहे. पुढच्याच पानावर ते खोडून काढलंय. मूल ज्याच्या कुशीत निर्धास्त झोपतं, त्याच्या छपराखाली. हा खरा निर्णय. तीन पानं आहेत त्यावर."

मी उडालोच. "म्हणजे साहेबांनी पुस्तकही तुझ्या युक्तिवादासारखंच कापलं?"

ताईनं तिथल्या तिथे तिच्या जुन्या बाईंना फोन लावला, आवाज मोठा करून. बाई म्हाताऱ्या आहेत, पण घशात अजून घंटा आहे. तुमचं नाव ऐकल्यावर त्या हसायलाच लागल्या.

"तो का? होता ना माझ्याकडे. हुशार होता. पहिलं वर्ष काढलं आणि सरकारी कॉलेजात गेला."

"बाई, पहिल्या वर्षी तर..."

"पहिल्या वर्षी आम्ही फक्त पूर्वपक्ष पाठ करून घेतो. उत्तरं दुसऱ्या वर्षी. अगं देवा. इतकी वर्षं तो त्यावरच निकाल देतोय की काय?"

आई कणीक भिजवत होती. ती मागे न बघता म्हणाली, "अर्ध्या हळकुंडानं पिवळा." आम्ही तिघंही पोट धरून हसलो, आणि मावशी मशीन थांबवून दारात आली, काय झालं म्हणून.

बार असोसिएशनच्या समारंभात तुम्ही भाषण केलंत, मी ऐकलंय. न्यायालयाच्या उंबरठ्यावर धर्माच्या चपला काढून ठेवाव्या लागतात, असं म्हणालात. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण ते मला पटतं. धर्मपीठानं आमच्या घरात कुणाचं मूल कुणाकडे जाईल हे ठरवू नये. पण तुम्ही काय केलंत? पीठाचा नियम खिशात घालून आत आणलात, तोही खोडलेला, आणि कुठून आणला ते लपवलंत. आणि तिथली एकच गोष्ट, जी कुठल्याही कोर्टाला शोभेल, समोरच्याचं आधी पूर्ण ऐकावं, ती मात्र तुम्ही दाराबाहेर ठेवलीत. ताईनं नेमकं उलट केलं होतं. तिनं देवाचं नाव घेतलं नाही, ग्रंथाचं वाक्य घेतलं नाही. फक्त ऐकायची रीत आणली. मग पीठवाला कोण, साहेब?

ताईनं वर अपील केलं. पहिल्या पानावर, अर्थातच, तुमची बाजू मांडलीय. तुमच्यापुढे कामाचे ढीग असतात. टंकलेखिका जे टिपते त्यावरच तुम्हाला लिहावं लागतं. "मान्य करते" आणि "मांडते" यातला फरक थकलेल्या माणसाकडून सुटू शकतो. मी म्हटलं, "एवढं कशाला त्यांना सांभाळतेस?" ती म्हणाली, "सांभाळत नाहीये. पळवाट उरू नये म्हणून सगळ्या वाटा मीच दाखवून ठेवतेय."

काल वरच्या कोर्टानं स्थगिती दिली. भिंगरी हलणार नाही, तूर्त. मावशीनं कात्री खाली ठेवून ताईला अशी मिठी मारली की ताईच्या कोटाला टाचणी टोचली. बापही आला होता. जिन्यात उभा राहून भिंगरीला विचारत होता, रविवारी येऊ का. ती म्हणाली, "या, पण बाहुली नको, सायकल आणा." तो हसला. लोकांना जे जिन्यात जमतं ते तुमच्या खोलीत मोडतं.

वरच्या कोर्टानं तुमच्याकडून लेखी अहवाल मागितलाय. एकच प्रश्न आहे: ती वाक्यं वकिलांनी कबुली म्हणून सांगितली की पूर्वपक्ष म्हणून? अपील त्यावर ठरणार. म्हणजे एक मूल उद्या कुठल्या घरात डोळे उघडेल, ते आता तुमच्या एका ओळीवर आहे. कबुली होती असं लिहाल, तर खोटे ठराल हे तुम्हाला आणि मला दोघांनाही ठाऊक आहे. पूर्वपक्ष होता असं लिहाल, तर तो तुम्ही कसा ओळखलात, हेही सांगावं लागेल.

त्या दिवशी ताई हात मागे बांधून उभी होती. ती हार मानत होती, की तुमच्या होकाराची वाट बघत होती? सांगा, साहेब. अहवालात काय लिहिणार आहात?